शुश्रूषेचा तास

सोमवार, ६ जानेवारी २०२५

बोलायला बंदी आहे, म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही. दैनंदिनी लिहिण्याची हौस मला कधीच नव्हती. जन्मभर वॉर्डचे रिपोर्ट लिहिले तेवढं पुरे झालं होतं. पण गेल्या सोमवारी अंबरनाथ पूर्वेला डॉ. शेलारांनी माझ्या स्वरतंतूवरची गाठ काढली. आज दाखवायला गेले. गाठ साधी आहे, तो प्रश्न मिटला. सूज मात्र उतरलेली नाही. आणखी तीन आठवडे एक शब्द नाही. कुजबुजही नाही, कुजबुजीने जास्त बिघडतं. हे मी स्वतः रुग्णांना सांगत आले आहे, तरी त्यांनी ते मला दोनदा सांगितलं.

खरा प्रश्न गुरुवारचा आहे. सरकारी रुग्णालयातून सिस्टर ट्यूटर म्हणून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी बदलापूरच्या नर्सिंग शाळेत पहिल्या वर्षाला आरोग्यसेवेचा इतिहास शिकवते. एक तास. मानधन रिक्षापुरतं. काल प्रिन्सिपल गोडांबे मॅडमचा फोन आला. मी उचलला, म्हणजे कानाला लावला.

"सिस्टर, बोलू नका, ऐका फक्त. फेब्रुवारीत नवीन टाइमटेबल करतोय. तुमचा आवाज आला तर प्रश्नच नाही. नाही आला, तर तो तास कॉम्प्युटरला देऊ. तसंही मुलींना इतिहासाचा काय उपयोग?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. कालही होतं. घशाशी येऊन थांबलं.

तो तास मी जाऊ देणार नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस कसेही जातात. गुरुवार नीट जातो.

बुधवार, ८ जानेवारी

पाटी विकत आणली. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहण्याचा एक फायदा आहे, मागाल ती वस्तू पायाशी मिळते. दगडी पाटी नाही मिळाली, प्लास्टिकची आहे.

जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात. शेजारचे मुकेशभाई सकाळी दारात उभे राहून ओरडले, "सिस्टर! दूध लाऊं क्या? दू-ऊ-ध!" सोबत गाय पिळण्याचा अभिनय. मी पाटीवर लिहिलं, मी बहिरी नाही. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि आणखी जोरात म्हणाले, "अच्छा अच्छा! बहिरी नाही! बहुत अच्छा है!" जिन्यातल्या दोन बायका दार उघडून बघायला लागल्या.

दूध आणून दिलं. माणूस वाईट नाही.

रविवार, १२ जानेवारी

जितेशचा फोन. माझ्या भावाचा मुलगा, बदलापूर पश्चिमेला असतो. दर रविवारी फोन करतो, त्यात त्याने खंड पाडलेला नाही.

"आत्या, तू बोलू नकोस. हो असेल तर एकदा टकटक कर, नाही असेल तर दोनदा. बरी आहेस?"

मी चमच्याने फोनवर एकदा ठोकलं.

"जेवलीस?"

एकदा.

"औषधं घेतेयस?"

एकदा. मग तो थांबला. टीव्हीचा आवाज ऐकू येत होता. "बरं मग..." म्हणाला. "आणखी काय?" याला टकटक काय करायची ते ठरलेलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर, एरवी आम्ही इतका वेळ काय बोलतो ते आठवून पाहिलं. मी त्याला सूचना करते. मुलीची लस, बायकोचं हिमोग्लोबिन, गच्चीवरची पाण्याची टाकी. तो हो म्हणतो. म्हणजे बोलणं माझंच असतं. हे यापूर्वी लक्षात आलं नव्हतं. लक्षात येऊन काही उपयोगही नाही.

घर शांत आहे. मला शांतता आवडते. वॉर्डात ती कधी मिळाली नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संध्याकाळी भावना ठोंबरे तिळगूळ घेऊन आली. ही शाळेतली तरुण ट्यूटर, अंबरनाथ पूर्वेला राहते. आजवर माझ्या घरी कधी आली नव्हती. आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, यंदा तुम्हाला 'गोड बोला' म्हणायची पण सोय नाही. नुसतं गोड खा." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसली. मग ओट्यावर नजर टाकली. तिथे एक पातेलं, एक ताट, एक वाटी उपडी घातलेली होती. फ्रिजही उघडून पाहिला, पाणी घेण्याच्या निमित्ताने. पाणी माठात होतं आणि माठ समोर होता.

मग मुद्द्यावर आली. "मॅडम, तुमचे लेक्चरचे कागद मिळतील का? म्हणजे तास चालू राहील."

मी पाटीवर लिहिलं: नाही.

"मग तुम्ही या ना गुरुवारी. बोलू नका. नुसत्या बसा."

नर्स नुसती बसत नाही, असं लिहिलं. तिने वाचून पाटी पुसली, आणि जाताना माझ्या पाया पडली. मला हे आवडत नाही, पण नको म्हणायला आवाज नव्हता.

हुशार मुलगी आहे. तिला तो तास हवा आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

गेले. जायला नको होतं.

विषय होता पेनिसिलिनच्या आधीचा न्यूमोनिया. मी सगळं सुवाच्य अक्षरात लिहून नेलं होतं. वाचायला अक्षदाला उभं केलं. चामटोलीची मुलगी, घरची भातशेती, आवाज खणखणीत. तिने एका दमात वाचून टाकलं, स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही. त्या काळी औषध नव्हतं, ताप आठवडाभर चढा राहायचा, मग एक दिवस असा यायचा की एकदम घाम फुटून ताप उतरायचा नाहीतर रुग्ण जायचा, त्या दिवसाला क्रायसिस म्हणत. हे वाक्य मी म्हणते तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. आज मागच्या बाकावर मोबाइल निघाले.

अक्षदा मध्येच वाचायची थांबून म्हणाली, "आमची आजी तुंबडी लावायची, मॅडम. पाठीवर दिवा ठेवायचा आन् वर पेला उपडा घालायचा. कातडी अशी वर यायची, पुरीवानी."

"ईऽऽ" वर्ग.

"आणि मग बरं व्हायचं?"

"कोनी व्हायचं, कोनी नाय."

तेव्हा ऋतिका उठली. अंबरनाथ पश्चिमेची, जिभेला हाड नाही. "पण मॅडम, सीरियसली. दवाई नाही, इंजेक्शन नाही, सलाईन नाही. मग नर्स करायची काय? टाइमपास?"

उत्तर लांब होतं. मी फळ्याकडे वळले, 'टाइमपास नाही' एवढं लिहून झालं आणि घंटा वाजली. वर्ग हसला. मी डस्टर टेबलावर आपटला, तर खडूची पूड उडून मलाच खोकला आला. खोकणंही मना आहे. खिडकीबाहेरून गोडांबे मॅडम जाताना दिसल्या. थांबल्या नाहीत, पण पाहिलं त्यांनी.

रविवार, १९ जानेवारी

ऋतिकाचं उत्तर इथे लिहून ठेवते, निदान कुठेतरी असावं.

काय करायची? दर थोड्या वेळाने कोमट पाण्याने अंग पुसायची. चमच्याने पाणी पाजायची. श्वास लागला तर उशा रचून बसवायची. कूस बदलायची. पाठ धुऊन स्पिरिट चोळायची, पावडर लावायची, म्हणजे कातडी फाटत नाही. चादरीची सुरकुती काढायची. आणि क्रायसिसच्या दिवशी खाटेपासून हलायची नाही. औषध नव्हतं तेव्हा हेच औषध होतं, आणि रुग्णालयं उभी राहिली ती यावर. डॉक्टरांच्या हातात काही यायच्या किती तरी आधी.

माझा पहिला तास नेहमी एका आजारी भिक्खूपासून सुरू होतो. हगवण लागून तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे जात नव्हते, कारण तो आता कुणाच्याच कामाचा नव्हता. त्याने स्वतःच तसं सांगितलं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून खाटेवर निजवलं. मला ही गोष्ट वडिलांनी सांगितली. मुलींना सांगते तेव्हा मी धुण्याच्या भागावर जोर देते, कारण त्यांना तिथे किळस येते आणि ती लवकर मोडलेली बरी. बाकी गोष्टीत समजावण्यासारखं काही नाही.

सांगून होत नसेल तर करून दाखवायचं. डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये खाट आहे, डमी आहे. गुरुवारी डमीला न्यूमोनिया झाला असं समजू. मुली करतील, मी चुका दाखवीन. भावनाला व्हॉट्सॲपवर कळवलं. तिने लगेच अंगठा पाठवला, पाठोपाठ एक फूल.

गुरुवार, २३ जानेवारी

डमीचा हात मोडला आहे. भावना दारातच सांगायला आली. "सॉरी मॅडम, काल मुलींकडून पडली. दुरुस्तीला दिलीय." शाळेची वस्तू जपायची असते हे आता कुणी शिकवत नाही.

खाट, बेसिन, टॉवेल, स्पिरिट, पावडर, सगळं मांडून तयार होतं. रुग्णच नव्हता. मी पाटीवर लिहिलं: कोण झोपेल? एकमेकींना ढकलाढकली सुरू झाली.

"मी नाही बाबा, मला गुदगुल्या होतात."

"हिला झोपवा मॅडम, ही तशीही वर्गात झोपतेच."

"ए, माझी पिन निघेल, गप!"

वेळ जात होता. म्हणून मी चपला काढल्या आणि खाटेवर आडवी झाले. भावनाने पडदा ओढला. मी खाटेच्या लोखंडी दांड्यावर अंगठीने वाजवून दाखवलं: बरोबर असेल तर एकदा, चूक असेल तर दोनदा.

ऋतिका न्यूमोनियाची नर्स झाली, अक्षदा तिच्या हाताखाली. कपाळ पुसताना पाणी फार गार होतं. दोन ठोके. त्यांनी बदललं. उशा रचताना मान लटकी ठेवली. दोन ठोके. अक्षदाने हात माझ्या मानेखाली घातला आणि उचललं, शेतात भारा उचलतात तसं, पण दुखलं नाही. एक ठोका. मग कुशीवर वळवलं. ब्लाउजची मागची बटणं भावनाने सोडली. अक्षदा म्हणाली, "थांब, माझे हात गार हायेत," आणि तळवे एकमेकांवर चोळून मग पाठीला लावले. हे मी सांगितलं नव्हतं. पुस्तकातही नाही.

मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, खालून वर, गोल. पद्धत बरोबर होती. मी ठोका द्यायचा विसरले. ऋतिकाने विचारलं, "मॅडम, करेक्ट?" तेव्हा दिला.

शेवटी ताप उतरला असं समजून तिने कपाळावर हात ठेवला, बघायला. आणि काढला नाही. प्रात्यक्षिक तिथे संपलेलं होतं. मी दोनदा वाजवायला हवं होतं. स्पिरिटचा थेंब उडून डोळ्यात गेला असावा, पाणी आलं. भावनाने माझ्या हाताशी टॉवेल ठेवला.

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. इतका शांत वर्ग मी बोलत असताना कधी मिळाला नव्हता.

शुक्रवार, २४ जानेवारी

पाठीला हात पोचत नाही, म्हणून मी खोबरेल लावायला भाताच्या पळीला फडकं बांधून ठेवलं आहे. चांगली सोय आहे, पुष्कळ वर्षं वापरते. आज लावताना, यापूर्वी माझ्या पाठीला कुणाचा हात लागला ते आठवायला बसले. आईचा असणार. नंतर कुणाचा, ते आठवेना. दुपार त्यात गेली. हा वेळेचा अपव्यय आहे.

सोमवार, २७ जानेवारी

बंदी उठली. डॉ. शेलारांनी 'आ' म्हणायला लावलं. माझ्या तोंडून जे निघालं ते कुणा दुसऱ्याचं होतं, बिजागरी करकरते तसं.

"येईल थोडा सुधारून," ते म्हणाले. "घरात बोलायला पुरेल. पण तंतूवर व्रण धरलाय. वर्गात शिकवणं आता बंद."

"माईक?"

"माईकने अंतर कमी होतं, ताण नाही. सिस्टर, तुम्हाला मी काय सांगायचं? ताणलात तर आहे तोही जाईल."

तुमचं वय काय, म्हणून मी विचारलं. ते हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

येताना रिक्षात बसून राहिले. रिक्षावाल्याने "कुठे उतरणार?" असं तीनदा विचारलं. मला आता बोलता येतं हे मीच विसरले होते.

गुरुवार, ३० जानेवारी

डॉक्टरांचं शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. पाटी घेऊनच गेले. डमी अजून दुरुस्तीलाच आहे. आज पटकी, म्हणजे कॉलरा. सलाईन येण्याआधी, मिठा-साखरेचं पाणी घोटघोट पाजायला कुणाला सुचण्याआधी. त्या काळी तर पटकीच्या रुग्णाला पाणी द्यायचंच नाही अशी समजूत होती, तहानेने जीव जायचा. ते भावनाने वाचलं, नीट थांबत थांबत. चोच असलेल्या कपाने पाणी पाजायची पाळी सगळ्यांनी घेतली. मला इतकं पाणी पाजलं की पोटात डुचमळत होतं.

एकीने कप पुढे करून "मॅडम, पटकी बरी झाली की ऑस्करला पाठवू तुम्हाला," म्हटलं. दोन ठोके दिले. सगळ्या हसल्या. मीही हसले असावे, कारण पाणी नाकात गेलं.

नंतर एनॅमलचा ट्रे शोधायला स्टोअररूममध्ये गेले, तर कपाटामागे चादर घालून डमी ठेवलेली. दोन्ही हात शाबूत. दुरुस्त होऊन आली तर कुणी कळवायला नको? भावनाला बोलावून दाखवली. ती लाल झाली. "हो का? कधी आली? बघते मी, मॅडम." मागे उभी असलेली अक्षदा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. या शाळेत वस्तूंची नोंद ठेवण्याची पद्धतच नाही. मी पाटीवर तसं लिहून गोडांबे मॅडमच्या टेबलावर ठेवणार होते, पण रिक्षा आली.

रविवार, २ फेब्रुवारी

दुपारी सगळ्या खिडक्या लावून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि देवीच्या लसीचा तास घेऊन पाहिला. वर्गात बोलते तसा, पूर्ण आवाजात. देवीच्या साथी, अंगावरच्या पुळीतला पू घेऊन दुसऱ्याच्या दंडाला टोचण्याची जुनी रीत, मग गाईच्या देवीची लस. सुरुवात जमली. पुढे आवाज फाटत गेला, मी रेटला. शेवटी शेवटी तर शब्दच राहिले नाहीत.

दारावर थाप पडली. मुकेशभाई, मागे त्यांची बायको.

"सिस्टर, कौन रो रहा है? सब ठीक?"

"मी शिकवत होते," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको आत आली, ओट्याशी उभी राहिली, चहा ठेवला. साखर फार घालते ती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गोडांबे मॅडमनी बोलावलं. टाइमटेबल टेबलावर होतं. भावनाही बसली होती, का ते मला कळलं नाही.

"सिस्टर, मी त्या दिवशी पडद्याआडून पाहिलं. मुली खूश आहेत. तास ठेवायला माझी ना नाही. पण शिकवणारं माणूस हवं. तुम्हाला बोलता येईल ना?"

मी पाटी घेतली नाही. "हो," म्हटलं.

तो 'हो' नव्हता. अर्ध्यात तुटला. मॅडमनी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं.

तेव्हा भावना म्हणाली, "मी बोलेन. तास माझ्या नावावर लावा. मॅडम खाटेवर असतील."

"खाटेवर?"

"पेशंट म्हणून. दर गुरुवारी. डमीवर त्या मुली काहीच शिकत नाहीत, मॅडम. डमीला काही लागत नाही ना."

गोडांबे मॅडमनी तिथल्या तिथे तिचं नाव लिहिलं. माझं नाव खोडलं. खाटेवरच्या माणसाचं नाव टाइमटेबलमध्ये नसतं.

मी उठले. भावना जिन्यापर्यंत मागे आली. "मॅडम, ऐका तरी."

"घेतलास ना तास? आता ऐकायचं काय?"

पुरं वाक्य म्हणता आलं नाही, पण तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. जन्मभर मी लोकांना खाटेवर निजवलं आणि उठवलं. आता मी खाट. घरी येऊन पाटी माळ्यावर टाकली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काही नाही. वारा अंबरनाथच्या बाजूचा आहे, कारखान्यांचा वास येतो. खिडक्या बंद. भावनाचे दोन फोन आले, घेतले नाहीत. मुकेशभाईंच्या बायकोने साईभाजी पाठवली. डबा धुऊन परत केला.

रविवार, ९ फेब्रुवारी

जितेशचा फोन. आता बोलता येतं, म्हणून मी मुलीच्या लसीचं विचारलं. टाकीचं विचारलं. माझा आवाज ऐकून तो मध्येच थांबला.

"आत्या, हा तुझा आवाज आहे?"

"आहे तो हाच आहे."

"तू ये इथे. राहा महिनाभर. आम्ही आहोत ना."

त्याचं घर दोन खोल्यांचं आहे. त्याने मनापासून म्हटलं, मनापासून नाही असं म्हणायला जागा नाही. तरी मी म्हटलं, "नाही रे जमायचं. गुरुवारी मला शाळेत जायचं असतं."

हे तोंडून निघून गेल्यावर मी तशीच बसून राहिले. फोनवर तो "कुठली शाळा? या आवाजाने ती बंदच झाली असेल ना?" असं विचारत होता. मी म्हटलं, "बंद कुठे? चालू आहे."

पाटी माळ्यावरून काढायला स्टूल लागलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गेले. मुली उठून उभ्या राहिल्या. भावना काही बोलायच्या आत मी तिला बाहेर घेतलं आणि सांगितलं, हळू, थोड्या शब्दांत, डॉक्टरांनी सांगितलं तसं. तास तुला हवा असेल तर चार्ज घे, पण रीतसर. वॉर्डात जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला चार्ज देते तो टेबलापाशी बसून नाही. खाटेपाशी, उभं राहून, रुग्ण जागा असताना, त्याच्या समोर, म्हणजे चूक सांगितली तर रुग्ण म्हणेल, असं नाही. एकेक वस्तू हातात देऊन. त्याशिवाय दिलं असं होत नाही आणि घेतलं असंही होत नाही. पुढच्या गुरुवारी.

"मॅडम, मला तास नको होता," ती म्हणाली. "तुम्ही येत राहायला हव्या होत्या."

"म्हणजे तेच झालं," मी म्हटलं. ती हसली की रडली ते नीट कळलं नाही. या पिढीचं काही स्पष्ट नसतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चार्ज दिला. सगळ्या मुली खाटेभोवती उभ्या होत्या. मी आधी सगळं उभ्याने दिलं, मग चपला काढून आडवी झाले. शेवटची नोंद भावनाने माझ्या उशाशी उभी राहून, मला विचारून, मोठ्याने वाचत लिहिली. ती इथे उतरवून ठेवते.

काचेची सिरिंज, एक. नळी आणि दट्ट्या यांवरचे आकडे जुळतात, तेच एकत्र ठेवावे, नाहीतर गळते. उकळायचं भांडं, चिमट्यासह.

चोच असलेला कप, एक. टवका उडालेला, ओठाला लागत नाही.

कपाटाची किल्ली. दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही.

माझे लेक्चरचे कागद, सगळे. पहिला कागद भिक्खूचा. त्यात धुण्यावर जोर द्यावा.

मुली. अक्षदाचे हात चांगले, वाचन घाईचं. ऋतिकाचे प्रश्न थांबवू नयेत. मागच्या बाकावरच्या दोघी खाट आली की पुढे येतात, त्यामुळे खाट मधोमध ठेवावी.

रुग्ण, एक. नाव शेवंता भालेराव. मुलींनी 'मॅडम' म्हणू नये, वॉर्डात रुग्णाला नावाने हाक मारतात. शेवंताबाई म्हणावं. शुद्धीवर. ताप नाही. कातडी शाबूत. घरी एकटी. आवाज बारीक, पण हाक मारली तर ओ देते.

दिलं: शे. भालेराव. घेतलं: भा. ठोंबरे.